ओटीपोटाची गोष्ट – ६ : पिशवीला सूज

"पिशवेक सूज इली हा." जामसंड्याच्या कुठल्याही वाडीत चार बायका मोकळेपणाने बोलायला लागल्या की हे वाक्य येतंच. सांगणारी ते सर्दी-पडशाच्या सुरात सांगते आणि ऐकणारीलाही त्यात नवल वाटत नाही. "डॉक्टरांनी आतून तपासलं का?" असं विचारलं, तर बहुतेक वेळा उत्तर येतं की सोनोग्राफी केली, गोळ्या दिल्या, पाच दिवसांनी बरं वाटलं. दोन महिन्यांनी दुखणं पुन्हा सुरू, पुन्हा त्याच गोळ्या. अशी दोन-चार वर्षं निघून जातात.

मागच्या लेखांकात पांढरं जाण्याबद्दल लिहिलं होतं. त्यातलं बरंचसं नैसर्गिक असतं आणि त्याला औषध लागत नाही. आजचा आजार मात्र नैसर्गिक नाही आणि अंगावर काढण्यासारखा तर अजिबात नाही. गर्भाशय, गर्भनलिका, बीजांडं आणि भोवतालचं ओटीपोट यांच्या जंतुसंसर्गाला डॉक्टर 'पीआयडी' म्हणतात. 'पिशवीला सूज' हे त्याचं बोलीतलं नाव. पण ते इतकं ऐसपैस वापरलं जातं की खरी पीआयडी असलेली बाई त्यात हरवते आणि नसलेलीच्या माथी ते मारलं जातं.

आत काय होतं ते पाहू. योनीमार्गात जंतू नेहमीच असतात. गर्भाशयाच्या तोंडाशी असलेला चिकट स्राव त्यांना वर जाऊ देत नाही. गनोरिया किंवा क्लॅमिडिया यांसारख्या संसर्गाने हे तोंड सुजलं किंवा योनीतल्या जंतूंचा समतोल बिघडला की ती अडवणूक मोडते. प्रसूती, गर्भपात किंवा तांबी बसवणं यांच्यानंतरही कधीकधी वाट मोकळी होते. तांबीचा धोका मुख्यतः बसवल्यानंतरच्या पहिल्या तीन आठवड्यांपुरता असतो. वर्षानुवर्षं बसवलेल्या तांबीवर सगळं खापर फोडण्यात अर्थ नाही. जंतू वर चढतात आणि गर्भनलिकेत पोचतात. ही नळी आतून काही ठिकाणी जेमतेम एक मिलिमीटर रुंद असते. तिच्या अस्तरावर सूक्ष्म केसांची लव असते आणि भाताच्या शेतावरून वारा फिरावा तशी ती एका दिशेने हलत बीज पुढे नेते. संसर्गात ही लव झडते, नळीला आतून व्रण पडतात, भिंती एकमेकींना चिकटतात. झालेला व्रण कुठल्याही गोळीने पुसला जात नाही. औषध जंतू मारतं, नळी दुरुस्त करत नाही. म्हणून या आजारात एकेक दिवस मोलाचा.

स्वीडनमधल्या लुंड शहरात वेस्ट्रोम आणि सहकाऱ्यांनी १९६० ते १९८४ या काळात या आजाराच्या स्त्रियांचा दीर्घकाळ माग ठेवला. दुर्बिणीतून आजार पक्का केलेल्या स्त्रियांपैकी एकदा आजार झालेल्या सुमारे ८ टक्के स्त्रियांना नळ्या बंद झाल्याने मूल होईना. दोनदा झालेल्यांत हे प्रमाण साडेएकोणीस टक्के, तीन किंवा अधिक वेळा झालेल्यांत ४० टक्के. त्याच अभ्यासाच्या आधारे १९९३ मध्ये असंही दिसून आलं की दुखणं सुरू झाल्यावर तीन दिवस किंवा त्याहून उशिरा उपचार मिळालेल्यांना वंध्यत्व किंवा नळीत गर्भ राहण्याचा धोका जवळपास तिप्पट होता. आपल्याकडे तीन दिवस तर 'आंब्याची गाडी भरून झाली की बघू' म्हणण्यातच जातात.

तरी हे सगळं स्वीडनचं, आपल्याकडे काय, असं कोणी विचारलं तर उत्तर गडचिरोलीत आहे. डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी तिथल्या दोन खेड्यांतल्या ६५० स्त्रियांची तपासणी केली आणि १९८९ च्या जानेवारीत ते निष्कर्ष 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आले. ९२ टक्के स्त्रियांना एक तरी स्त्रीरोग होता. सरासरी काढली तर प्रत्येकीला ३.६. त्यातला निम्मा भार जंतुसंसर्गांचा. जगभर गाजला तो ९२ चा आकडा. मला त्याच अभ्यासातले दुसरे दोन आकडे जास्त बोलके वाटतात. एक, ४५ टक्के स्त्रियांनी आपली काही तक्रारच नसल्याचं सांगितलं होतं. दोन, त्याआधी आयुष्यात कधी स्त्रीरोगाची तपासणी आणि उपचार मिळालेल्या स्त्रिया फक्त ८ टक्के. म्हणजे दुखणं घरोघरी होतं, पण ते शोधायला कोणी हात लावला नव्हता. बंग दांपत्याने वेगळं काय केलं, तर गावात जाऊन बायकांचा विश्वास मिळवला आणि त्यांना नीट, आतून तपासलं.

या आजाराची गोम नेमकी तिथेच आहे. पीआयडी हातांनी ओळखली जाते. एक हात पोटावर, दुसऱ्या हाताची दोन बोटं योनीमार्गात, असं तपासताना गर्भाशयाचं तोंड हलवल्यावर कळ येते का, गर्भाशय दाबल्यावर दुखतं का, बाजूच्या नळ्या-बीजांडांच्या जागी दुखतं का, हे डॉक्टर पाहतात. तिन्हींपैकी एक खूण असली, बाई शरीरसंबंध असणाऱ्या वयातली असली आणि दुखण्याचं दुसरं कारण सापडत नसलं, तरी उपचार सुरू करावेत असं जगभरची मार्गदर्शक तत्त्वं सांगतात. खात्री पटेपर्यंत थांबण्यापेक्षा चार बायकांना जास्तीचं औषध गेलेलं परवडलं, असा त्यामागे हिशेब आहे.

सोनोग्राफीचं काय? पू साठून गाठ झाली असेल किंवा नळी पाण्याने फुगली असेल, तर ती दिसते. सुरुवातीच्या किंवा सौम्य आजारात मात्र सोनोग्राफी बहुधा नॉर्मल येते. नॉर्मल अहवाल घेऊन घरी परतलेली बाई आजारमुक्त आहे असं समजणं, हीच मोठी चूक आणि ती सुशिक्षित घरांतही होते. यंत्राच्या फोटोवर आपला जरा जास्तच जीव आहे. उलट बाजूही तितकीच खरी: हातांनी न तपासता, नुसत्या अहवालातल्या 'बल्की युटेरस' या दोन शब्दांवरून कोणी पिशवीला सूज आहे म्हणालं, तर ते निदान नव्हे.

तपासणीआधी एक गोष्ट झालीच पाहिजे: लघवीची गर्भचाचणी. नळीत राहिलेला गर्भ अगदी असाच दुखतो आणि तो फुटला तर काही तासांत जीव जाऊ शकतो. मग चोचीसारखं उपकरण घालून गर्भाशयाचं तोंड पाहणं, स्रावाचा नमुना, लघवीची तपासणी, रक्तातल्या पांढऱ्या पेशी. अपेंडिक्स, मूतखडा, एंडोमेट्रिओसिस यांचाही विचार हवा. काहींना उजव्या बरगडीखाली दुखतं, कारण संसर्ग यकृताच्या आवरणापर्यंत पोचलेला असतो. अशा बाईच्या पित्ताशयाचीच तपासणी होत राहते.

जामसंड्याच्या बाईसाठी पहिला दरवाजा देवगडचं ग्रामीण रुग्णालय. तिथे स्त्रीरोगतज्ज्ञ भेटणार नसतील, तर नांदगाव तिठ्यावरून कणकवलीचं उपजिल्हा रुग्णालय, त्यापुढे ओरोसला जिल्हा रुग्णालय आणि शासकीय वैद्यकीय महाविद्यालय. गुंतागुंतीसाठी आपली माणसं कोल्हापूरला नाहीतर गोव्यात बांबोळीला जातात. पण साधी पीआयडी तपासायला बांबोळी लागत नाही. टेबल, पडदा, हातमोजे, दिवा आणि पंधरा मिनिटांची सवड एवढ्यावर भागतं. यातली सवड सगळ्यात दुर्मीळ. ती मागून घ्यावी लागते. "मला आतून तपासा" असं स्पष्ट म्हणायला हरकत नाही. सोबत नर्स किंवा दुसरी स्त्री थांबावी हा तुमचा हक्क आहे. आणि सासू, जाऊ, नवरा यांना थोडा वेळ बाहेर बसवा. संबंधाच्या वेळी दुखतं का, संबंधानंतर किंवा मधल्या दिवसांत रक्त जातं का, याची उत्तरं तिसऱ्या माणसासमोर खरी येत नाहीत. लग्न न झालेल्या मुलीला तर 'संबंध आला आहे का' हे तिच्या आईपुढे विचारणं म्हणजे न विचारण्यासारखंच.

आता औषध. एका जंतूवर चालणारं औषध इथे पुरत नाही, कारण आजार बहुधा अनेक जंतूंचा असतो. अमेरिकेच्या २०२१ च्या मार्गदर्शक तत्त्वांत सेफ्ट्रिॲक्सोनचं एक इंजेक्शन आणि त्यासोबत डॉक्सीसायक्लिन व मेट्रोनिडाझोल या गोळ्या दिवसातून दोनदा, १४ दिवस, असा उपचार आहे. आपल्या शासनाच्या औषधसंचांमध्ये ओटीपोटाच्या दुखण्यासाठी सहा क्रमांकाचा पिवळा संच गेली अनेक वर्षं आहे. त्यात इंजेक्शनऐवजी सेफिक्झिमची एक मात्रा, बाकीच्या दोन गोळ्या त्याच आणि मुदतही १४ दिवसांचीच. तुम्हाला कुठलं औषध ते डॉक्टरच ठरवतील, हे वाचून मेडिकलमधून गोळ्या आणू नका. पण मुदत लक्षात ठेवा. मेडिकलवाल्याने हातावर टेकवलेल्या पाच दिवसांच्या सिप्रोफ्लॉक्सासिनने हे काम होत नाही. गनोरियाचे जंतू त्या औषधाला कधीच सरावले आहेत.

चौदा दिवस गोळ्या घेणं वाटतं तितकं सोपं नाही. मेट्रोनिडाझोलने तोंड कडूजार होतं, मळमळतं. डॉक्सीसायक्लिन जेवल्यावर, पेलाभर पाण्यासोबत घ्यायची आणि लगेच आडवं व्हायचं नाही, नाहीतर अन्ननलिका भाजल्यासारखी होते. लोहाच्या किंवा कॅल्शियमच्या गोळ्या त्याच वेळी घेतल्या तर ती नीट शोषली जात नाही. दोन तास तरी अंतर हवं. आशाताईंनी दिलेल्या लाल गोळ्या घेणाऱ्या बायकांना हे कोणी सांगत नाही. शिवाय या औषधावर ऊन बाधतं, त्वचा भाजते. एप्रिल-मे महिन्यात आंबा काढणीच्या कामावर असाल तर पूर्ण बाह्यांचं घाला. गरोदर असाल किंवा तशी शंका असेल, तर हे औषध चालत नाही. पीआयडी झालेल्या गरोदर स्त्रीला रुग्णालयातच दाखल व्हावं लागतं. ताप चढलेला, उलट्यांमुळे गोळी टिकत नसलेली किंवा पुवाची गाठ झालेली बाईही तिथेच हवी.

तिसऱ्या दिवशी पुन्हा दाखवायला जायचं. दुखणं कमी झालेलं नसेल, तर निदान तरी चुकलंय किंवा औषध तरी. आणि बरं वाटलं म्हणून सहाव्या दिवशी गोळ्या बंद करायच्या नाहीत.

राहिला नवरा. आजारामागे लैंगिक संसर्ग असू शकतो, त्यामुळे आधीच्या ६० दिवसांत संबंध आलेल्या जोडीदारालाही औषध लागतं. त्याला काहीही त्रास होत नसला तरी. क्लॅमिडिया पुरुषांत बहुधा गुपचूपच राहतो. नवरा मुंबईला किंवा बोटीवर असेल तर हे अवघड होतं, हे मान्य. गणपतीला तो घरी येईपर्यंत बायकोचा उपचार पूर्ण झालेला असतो, त्याचा सुरूही नसतो, आणि आजार परततो. मग 'औषध लागू पडलं नाही' असं म्हटलं जातं. दोघांचे उपचार संपेपर्यंत संबंध टाळायचे, नाहीतर निरोध. इथे एक सांगायला हवं: पीआयडी झाली म्हणजे कोणीतरी बाहेरख्यालीपणा केला असं सिद्ध होत नाही. काही वेळा कारण योनीतलेच नेहमीचे जंतू असतात. डॉक्टरांनी हे दोघांना एकत्र बसवून सांगितलं तर पुष्कळ घरं भांडणातून वाचतील. दोघांनीही एचआयव्हीची तपासणी करून घ्यावी. सरकारी रुग्णालयात ती मोफत होते, आणि १०९७ या मोफत क्रमांकावर माहितीही मिळते.

उपचार अर्धवट राहिला की काही वर्षांनी दुसराच सल्ला येतो: पिशवी काढून टाका. बीडच्या ऊसतोड कामगार स्त्रियांचं प्रकरण २०१९ मध्ये उघडकीस आलं, तेव्हा राज्य शासनाने नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. सर्वेक्षणातल्या ८२ हजारांवर स्त्रियांपैकी १३ हजारांहून अधिक जणींचं गर्भाशय काढलेलं निघालं. त्यांतल्या अनेकींची मूळ तक्रार पांढरं जाणं, पोट दुखणं, पाळीचा त्रास अशीच होती. सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२३ मध्ये अनावश्यक गर्भाशय-शस्त्रक्रियांविरुद्धची केंद्राची मार्गदर्शक तत्त्वं अमलात आणायला सगळ्या राज्यांना सांगितलं. कोकणात ऊसतोडीसारखी परिस्थिती नाही, पण तो सल्ला इथेही सर्रास मिळतो. तुम्हाला मिळाला तर तीन गोष्टी विचारा. आतून तपासणी झाली का, चौदा दिवसांचा पूर्ण उपचार दोघांनी घेतला का, आणि क्षयरोगाची शक्यता पाहिली का.

शेवटचा प्रश्न अनेकांना चमत्कारिक वाटेल. क्षय म्हणजे खोकला असंच आपण धरून चालतो. पण आपल्या देशात गर्भनलिकांचा क्षय हे जुनाट ओटीपोटदुखीचं आणि मूल न होण्याचं महत्त्वाचं कारण आहे, त्याला पिवळा संच लागू पडत नाही, आणि गर्भाशयाच्या अस्तराचा तुकडा तपासल्याशिवाय तो सहसा पकडता येत नाही. त्याविषयी पुढच्या आठवड्यात.