जुना लॅपटॉप, जुना कीबोर्ड आणि मिडीची वायर

गेल्या आठवड्यात एका श्रोत्या ताईंचा फोन आला. त्यांचे बाबा नागपूरहून इकडे अमेरिकेत राहायला आले होते, तेव्हा त्यांनी घरच्या कीबोर्डवर आरत्यांच्या चाली वाजवून त्याच्याच मेमरीत साठवून ठेवल्या. बाबा आता नाहीत. आणि कीबोर्ड चालू केला की बॅटरी संपत आल्याची सूचना दिसते. ताईंनी मिडी इंटरफेस आणला, विंडोज ७ च्या जुन्या लॅपटॉपला लावला, पण ड्रायव्हर काही बसेना.

आधी बॅटरीचं सांगतो. अशा बऱ्याच कीबोर्डांच्या पोटात नाण्याएवढी बॅटरी असते. ती संपली की साठवलेलं पुसलं जातं, ती बदलतानाही जाऊ शकतं. तेव्हा चाली लॅपटॉपवर उतरवून होईपर्यंत बॅटरीला हात लावू नका.

आता ड्रायव्हर. काही इंटरफेसना वेगळा ड्रायव्हर लागतच नाही. विंडोज एक्सपीपासून पुढे ते आपोआप ओळखले जातात. खोक्यावर ‘क्लास कम्प्लायंट’ लिहिलंय का बघा. तसं नसेल, तर आधी लॅपटॉप ३२ बिटचा की ६४ बिटचा ते पाहायचं. ‘कॉम्प्युटर’वर उजवं क्लिक करून प्रॉपर्टीज उघडलं की ‘सिस्टिम टाइप’समोर लिहिलेलं असतं. ६४ बिटच्या विंडोजवर ३२ बिटचा ड्रायव्हर कितीही वेळा टाकला तरी चालत नाही. ताईंचं घोडं इथेच अडलं होतं! सोबतच्या सीडीवर फक्त ३२ बिटचा होता. ६४ बिटचा कंपनीच्या साइटवर मिळाला. तो दुसऱ्या कॉम्प्युटरवर उतरवून पेन ड्राइव्हने आणलेला बरा, कारण विंडोज ७ ला आता सुरक्षेचे अपडेट मिळत नाहीत.

इंटरफेस काढून ठेवा, ड्रायव्हर टाका, लॅपटॉप रीस्टार्ट करा आणि मगच इंटरफेस लावा. पुढेही तोच यूएसबी पोर्ट वापरा. पोर्ट बदलला की विंडोज त्याला नवीन पाहुणा समजून पुन्हा सुरुवात करू शकतं.

तरी काही हललं नाही, तर वायरी बघा. कीबोर्डच्या ‘आउट’मधून इंटरफेसच्या ‘इन’मध्ये जायचं असतं. पण स्वस्त केबलवर ‘इन’ लिहिलेला प्लग कधी इनमध्ये लावायचा असतो, कधी आउटमध्ये. सरळ अदलाबदल करून बघा, काही जळत नाही. कीबोर्डची पट्टी दाबल्यावर इंटरफेसचा दिवा लुकलुकला की समजायचं, जमलं.

मिडीतून आवाज जात नाही, फक्त माहिती जाते, सेकंदाला ३१,२५० बिट. म्हणजे १०० किलोबाइटला साधारण अर्धा मिनिट, घाई नको. लॅपटॉपवर मिडी-ऑक्ससारखा मोफत प्रोग्रॅम उघडा आणि त्याला माहिती घ्यायला लावा. मग कीबोर्डच्या मेनूत ‘बल्क डंप’ शोधून तो सुरू करा. हे दोनदा करा. दोन्ही फायलींचा आकार सारखा आला नाही, तर मध्ये काहीतरी गळलंय. अगदी स्वस्त केबल मोठ्या फायलीत असा दगा देतात.

ताईंच्या दोन्ही फायली सारख्या आल्या. एक त्यांनी पुण्याच्या भावाला पाठवून दिली. बॅटरी या शनिवारी बदलणार आहेत.