बाकावरचं वर्ष

आमच्या कोल्हापुरात फुटबॉल तालमींचा. पाटाकडील, दिलबहार, खंडोबा यांच्या सामन्यांना शाहू स्टेडियम भरतं. तिथं पाय चालतोय तोवर खेळाडू. विद्यापीठाच्या संघात मात्र पंचविशी उलटली की आंतरविद्यापीठ स्पर्धा संपली. ऐन उमेदीत गुडघा दुखावून पोरगं वर्षभर बाकावर बसलं, तरी ते वर्ष गेलंच.

अमेरिकेतल्या कॉलेजांनी यावर तोड काढली. त्यांचा फुटबॉल वेगळा, चेंडू हातात घेऊन पळण्याचा. पण पेच तोच. तिथं रुळलेला नियम पाच वर्षांत चार हंगामांचा. एक वर्ष नुसता सराव केला, तर तो हंगाम शिल्लक राहायचा. याला ‘रेडशर्ट’ म्हणतात. असे खेळाडू सरावाला लाल शर्ट घालत. २०१८ पासून चार सामने खेळूनही हंगाम शाबूत राहू लागला. दुखापतीला वेगळी सवलत होतीच. पाचही वर्षं खेळू द्यावं, असा प्रस्ताव २०२५ मध्ये चर्चेत आला. हिशेब सोपा होईल, पण जुने खेळाडू जागा अडवतील आणि नवी पोरं ताटकळतील, ही धास्तीही होती.

आपल्याकडं या स्पर्धेच्या प्रमाणपत्रावर केंद्र सरकारी नोकरीच्या खेळाडू कोट्यात अर्ज करता येतो. म्हणजे बुडालेलं वर्ष घरच्या चुलीपर्यंत पोचतं. वयाची अट असावीच. पण दवाखान्यात गेलेलं एक वर्ष, डॉक्टरांचा दाखला पाहून, त्या अटीतून वजा करावं, एवढंच मला वाटतं.