दुमजली सौरघट आणि मावळातला पाऊस

विजेच्या इतिहासात मावळ तालुक्याला फार जुना मान आहे. लोणावळ्याच्या परिसरात अडविलेले पावसाचे पाणी सह्याद्रीच्या कड्यावरून खाली उतरवून १९१५ साली टाटांचे खोपोलीचे जलविद्युत् केंद्र सुरू झाले आणि मुंबईच्या कापडगिरण्या त्या विजेवर चालू लागल्या. पुढे कामशेतच्या उत्तरेस, आंदर मावळात, ठोकरवाडीचे धरण बांधून १९२२ मध्ये भिवपुरीचे केंद्र उभे राहिले. ज्या पावसाच्या बळावर या मुलखाने शंभर वर्षांहून अधिक काळ मुंबईला वीज पुरविली, तोच पाऊस आता उदयास येत असलेल्या एका सौरयंत्राचा सर्वांत कठोर परीक्षक ठरणार आहे. ते यंत्र म्हणजे टँडेम, अर्थात दुमजली सौरघट.

आज कामशेतच्या बाजारपेठेतील गच्च्यांवर किंवा नाणे मावळातील शेतपंपांशेजारी जी पॅनेले दिसतात ती सिलिकॉनची. १९५४ साली अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत सिलिकॉनचा पहिला उपयुक्त सौरघट तयार झाला तेव्हा तो पडलेल्या प्रकाशापैकी सुमारे ६ टक्के ऊर्जेची वीज करीत असे. आजची बाजारातील चांगली पॅनेले २२ टक्क्यांच्या आसपास पोचली आहेत. परंतु सिलिकॉनला निसर्गानेच एक मर्यादा घालून दिली आहे. सुमारे १.१ इलेक्ट्रॉन-व्होल्टपेक्षा कमी ऊर्जेचे प्रकाशकण त्यातून तसेच निघून जातात, आणि निळ्या प्रकाशातील कणांची ऊर्जा त्याच्या दुपटीहून अधिक असली तरी वरचा सारा अंश उष्णतेत वाया जातो. हा जमाखर्च शॉकली आणि क्विसर या शास्त्रज्ञांनी १९६१ साली मांडला. पुढे अधिक बारकाईने काढलेल्या हिशेबात सिलिकॉनच्या एकेरी घटाची कमाल कार्यक्षमता २९ टक्क्यांच्या थोडी पुढे येऊन थांबते.

यावर तोड अशी की, भाताच्या गिरणीत जाड आणि बारीक भोकांच्या चाळण्या एकावर एक बसवाव्यात तसे दोन घट एकावर एक ठेवायचे: वरच्याने निळ्या-हिरव्या प्रकाशातील ऊर्जा चढ्या विद्युत्-दाबाने काढून घ्यावी आणि तांबडा-अवरक्त प्रकाश खालच्या सिलिकॉनकडे जाऊ द्यावा. अशा जोडीची सैद्धांतिक मर्यादा ४० टक्क्यांच्याही वर जाते. कृत्रिम उपग्रहांवर असे बहुमजली घट कित्येक वर्षे वापरात आहेत. परंतु त्यांना लागणारी गॅलियमादी मूलद्रव्यांची संयुगे इतकी महाग, की घराच्या छपरासाठी त्यांचा विचारही करता येत नव्हता. तो विचार शक्य केला पेरोव्स्काइट या स्फटिकवर्गाने. सिलिकॉनचे स्फटिक घडविण्यास चौदाशे अंशांहून अधिक तापमानाची भट्टी लागते. पेरोव्स्काइटचे द्रावण मात्र काचेवर पसरून शंभर अंशांच्या आसपास तापविले, की फिकट पिवळसर दिसणारा थर पाहता पाहता गडद तपकिरी होतो आणि घटाचा गाभा तयार होतो. त्याची जाडी असते मिलिमीटरच्या हजाराव्या भागाच्या निम्म्याएवढी. २००९ साली जपानमध्ये मियासाका यांच्या प्रयोगशाळेत हा पदार्थ सौरघटात प्रथम वापरला गेला तेव्हा कार्यक्षमता ४ टक्केही नव्हती; २०२५ मध्ये चीनच्या लाँगी कंपनीने सिलिकॉनवर पेरोव्स्काइट चढवून ३४.८५ टक्क्यांचा उच्चांक नोंदविला. मात्र हा उच्चांक चौरस सेंटिमीटरच्या हिशेबातील तुकड्याचा आहे. ऑक्सफर्ड पीव्ही या कंपनीने २०२४ मध्ये ग्राहकाकडे रवाना केलेली पहिली टँडेम पॅनेले २४.५ टक्क्यांची होती, आणि प्रयोगशाळा व छप्पर यांतील अंतर यावरून कळते.

महाराष्ट्रात या विद्येचे ठाणे पवईला आहे. मुंबईच्या आय.आय.टी.त २०१० साली केंद्र सरकारच्या साहाय्याने सौरविद्युत् संशोधनाचे राष्ट्रीय केंद्र स्थापन झाले, आणि तेथे प्रा. दिनेश काब्रा यांच्या गटाने चार टोकांचा टँडेम घट सिद्ध करून त्याची कार्यक्षमता प्रथम २६ टक्क्यांवर आणि नंतर ३० टक्क्यांच्या घरात नेली. जागतिक उच्चांकापुढे हे आकडे लहान दिसतील. पण मावळच्या दृष्टीने पाहता ही ‘चार टोके’च मला या कामातील सर्वांत मोलाची गोष्ट वाटते. दोन टोकांच्या रचनेत वरचा आणि खालचा घट एकाच माळेत ओवलेले असतात, त्यामुळे दोघांपैकी ज्याचा प्रवाह कमी, त्याच्याच मापाने साऱ्या पॅनेलला चालावे लागते. वैशाखातील स्वच्छ उन्हात ही जुळणी नीट बसते. आषाढात मात्र ढगांतून झिरपणाऱ्या प्रकाशात निळ्याचे प्रमाण वाढते, हवेतील बाष्प अवरक्त प्रकाशाचा मोठा हिस्सा शोषून घेते, आणि खालच्या सिलिकॉनची उपासमार वरच्या घटालाही भोवते. चार टोकांच्या रचनेत दोन्ही घटांच्या तारा निराळ्या, कारभार निराळा. एकाच्या तुटीचा बोजा दुसऱ्यावर पडत नाही. तारा आणि इन्व्हर्टर यांचा खर्च वाढतो हे खरे, परंतु पावसाळी मुलखात तो सोसण्याजोगा आहे.

खरा धोका आहे ओलाव्याचा. पेरोव्स्काइटला पाण्याची वाफ लागली की तपकिरी थर विघटित होऊन पुन्हा पिवळा पडतो. ते शिशाचे आयोडाइड असते आणि त्यापासून वीज मिळत नाही. घाटमाथ्यावर पॅनेल नुसते भिजत नाही: चौकटीच्या खालच्या कडेला चिखलाची रेघ साचते, तिच्यावर शेवाळ धरते, आणि काच व ॲल्युमिनियम यांच्या सांध्यात पाणी दिवसेंदिवस मुरत राहते. तेथून वाफेला वाट मिळाली तर प्रयोगशाळेतला उच्चांक काय कामाचा? शिशाचाही विचार केला पाहिजे. ते चौरस मीटरमागे एका ग्रॅमच्या आसपासच असेल, पण ते पाण्यात विरघळणाऱ्या रूपात असते, आणि फुटलेले पॅनेल भातखाचरात पडून राहणे परवडणारे नाही. तेव्हा विक्रेत्याने जुनी पॅनेले परत घेण्याची कायदेशीर तरतूद आधी हवी.

इतकी खटपट कशासाठी, असे कोणी विचारील. उत्तर जमिनीत आहे: कार्यक्षमता जितकी जास्त तितकी जागा कमी लागते. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेत वीज-उपकेंद्राजवळच्या जमिनीला हेक्टरी किमान १ लाख २५ हजार रुपये वार्षिक भाडे ठरले आहे. मावळात तर बंगले, गुलाबाची हरितगृहे आणि इंद्रायणी तांदूळ यांच्या ओढाताणीत मोकळे रान मिळणेच कठीण. दहा चौरस मीटरच्या छपरावर आज भर उन्हात २.२ किलोवॉट मिळत असतील, तर २८ टक्क्यांच्या टँडेम पॅनेलवर २.८ किलोवॉट मिळतील. लोखंडी सांगाडा आणि मजुरी दोन्हींना जवळजवळ सारखीच.

परंतु सिलिकॉनच्या पॅनेलाला आज २५ वर्षांची हमी मिळते, आणि टँडेमला तशी हमी देता येईपर्यंत गृहस्थाने त्यासाठी थांबू नये. तीन किलोवॉटच्या घरगुती संचाला ७८ हजार रुपयांचे सरकारी अनुदान आहे, ते घेऊन सिलिकॉनच बसवावे. टँडेमची तजवीज संस्थांनी करावी. वडगावला भात संशोधन केंद्र आहे, आणि भाताचे वाण जसे तेथल्या पावसात पारखले जातात तशी पवईची पॅनेले तेथेच चार-पाच पावसाळे उघड्यावर ठेवून, दोन्ही घटांची वीज वेगवेगळी मोजून, तिचे आकडे दरमहा जाहीर व्हावेत.