सही झाल्यावर करारात होणारे बदल : शेतकऱ्यांनी घ्यावयाची काळजी

भाताची झोडणी आटोपली की महाड-पोलादपूर भागातील शेतकऱ्यांची दुसरी कामे सुरू होतात. कोणी विंधन विहीर मारून घेतो, कोणी वरकस जमीन जेसीबीने सपाट करून घेतो, तर कोणी कंपनीशी करार करून ब्रॉयलर कोंबड्यांची शेड भरतो. बिरवाडीला लागूनच औद्योगिक वसाहत असल्याने कारखान्यांना गाडी, टँकर किंवा मजूर पुरविण्याचे कामही घरातील तरुण मुले घेतात. ही सर्व कामे म्हणजे सेवेचे करार होत. पीक, खत आणि बियाणे यांबाबत आपले शेतकरी बंधू चोखंदळ असतात, पण सहीच्या कागदाबाबत मात्र "साहेब ओळखीचे आहेत" एवढ्यावर काम भागवले जाते. पुढे हिशेबाच्या वेळी कागदावरचा दर वेगळाच निघतो आणि तंटा उभा राहतो.

अशा तंट्यांत तीन निरनिराळ्या गोष्टी एकाच नावाने ओळखल्या जातात. त्या वेगळ्या केल्याशिवाय आपली बाजू किती बळकट आहे हे कळत नाही.

पहिली गोष्ट म्हणजे एकाने दुसऱ्याला न विचारता कागदात केलेला फेरफार. आकडा खोडणे, ओळ घुसवणे, मधले पान बदलणे हे सर्व यात येते. येथे कायदा स्पष्टपणे फसवल्या गेलेल्याच्या बाजूचा आहे. हे तत्त्व फार जुने असून इंग्लंडमध्ये १६१४ सालच्या पिगॉट खटल्यापासून ते मानले जाते. आपल्याकडे आग्र्यातील गिरण्यांना पैसा पुरविण्याच्या वादात, म्हणजे लूणकरण सेठिया विरुद्ध इव्हान जॉन या खटल्यात, सर्वोच्च न्यायालयाने १९७६ साली तेच उचलून धरले. दुसऱ्या पक्षाच्या संमतीवाचून दस्तात महत्त्वाचा बदल केला तर बदल करणाऱ्याला त्या दस्ताच्या आधारे काही वसूल करता येत नाही. महत्त्वाचा बदल म्हणजे ज्याने हक्क, देणे किंवा जबाबदारी बदलते तो. दर, मुदत, फूट, वजन, रक्कम हे सर्व महत्त्वाचे. नावातील वेलांटी दुरुस्त केली तर तो महत्त्वाचा बदल नव्हे. असा फेरफार लबाडीने केला असेल तर तो खोटा दस्तऐवज तयार करण्याचा गुन्हाही ठरतो. १ जुलै २०२४ पासून त्यासाठी भारतीय न्याय संहितेतील कलमे लागू आहेत.

दुसरी गोष्ट म्हणजे दोघांच्या संमतीने झालेला बदल. भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम ६२ प्रमाणे दोन्ही पक्षांनी मिळून करार बदलला तर मूळ करार पाळण्याचे बंधन राहत नाही. अडचण अशी की संमती ही नेहमी सहीनेच द्यावी लागते असे नाही. कंपनीने दर कमी केल्याचे कळवले, आपण काही बोललो नाही, पुढच्या दोन बॅचेस त्याच दराने घेतल्या व पैसेही उचलले, तर समोरचा वकील हीच आपली संमती होती असे म्हणेल, आणि ते सहजासहजी खोडता येणार नाही. म्हणून बदल मान्य नसेल तर त्याच आठवड्यात लेखी हरकत कळवावी. पैसे घेणे भाग असेल तर पावतीवर "हरकत राखून स्वीकारले" असे लिहून सही करावी.

तिसरी गोष्ट सर्वांत फसवी आहे. कित्येक छापील करारांत "दर, अटी व मोबदल्याचे सूत्र कंपनी वेळोवेळी बदलू शकेल" असे एखादे वाक्य बारीक अक्षरांत असते. अशा करारावर सही केल्यानंतर दर बदलला तर तो सहीनंतरचा फेरफार नव्हे. बदलाला आपण आधीच होकार दिलेला असतो. अन्याय्य अटींविरुद्ध ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मध्ये तरतूद आहे खरी, पण तो लांबचा रस्ता आहे. सहीपूर्वी ते वाक्य शोधून "बदल दोघांच्या सहीनेच होईल" एवढी दुरुस्ती करून घेणे हाच जवळचा रस्ता. ती करायला समोरचा तयार नसेल तर त्यातूनही बरेच समजते.

ब्रॉयलरचे उदाहरण घेऊ. शेड, तूस, पाणी, वीज आणि मजुरी शेतकऱ्याची. एक दिवसाची पिल्ले, खाद्य व औषधे कंपनीची. मोबदला जिवंत वजनाच्या किलोवर मिळतो व त्यात खाद्याचा वापर आणि मर यांनुसार वाढ-घट होते. समजा ५,००० पक्ष्यांची शेड आहे, मर ५ टक्के आणि सरासरी वजन २ किलो. म्हणजे एका बॅचला ९,५०० किलो झाले. संगोपनाच्या दरात किलोमागे एकच रुपया कमी झाला तर बॅचमागे ९,५०० रुपये गेले. शेडसाठी बँकेचे कर्ज असेल तर हप्त्याचा हिशेब येथेच कोलमडतो. दर बहुधा मूळ कराराच्या पानावर नसतो, तो जोडलेल्या परिशिष्टात असतो. परिशिष्ट सुटे असते आणि सुटे पान बदलणे सोपे असते. परिशिष्टावर सही व तारीख नसेल तर आपल्याकडचा करार अर्धाच आहे असे समजावे.

मुद्रांकाच्या कागदावर करार केला म्हणजे तो पक्का झाला असा एक समज आहे. मुद्रांकाचे असते ते पहिले पान. बाकीची पाने साध्या कागदाची आणि सही शेवटच्या पानावर. मधले पान टाचणी काढून बदलले तर मुद्रांक काय करणार? प्रत्येक पानावर, परिशिष्टासह, दोघांच्या सह्या हव्यात व पानांना "५ पैकी ३" असे क्रमांक हवेत. रक्कम आकड्यांत व अक्षरांत लिहावी. रिकाम्या जागांवर आडवी रेघ मारावी. खाडाखोड झालीच तर तिच्या शेजारी दोघांनी सही करावी. नोंदणी कायदा, १९०८ च्या कलम २० प्रमाणे खाडाखोडीजवळ सही नसलेला दस्त दुय्यम निबंधक नाकारू शकतो. सरकारी कार्यालय जी काळजी घेते ती आपण घरच्या व्यवहारात घेण्यास हरकत नाही. वयस्कर माणसांची सही नसून अंगठा असेल तर मजकूर वाचून दाखवल्याची ओळ लिहावी आणि वाचून दाखवणाऱ्याची व साक्षीदारांची सही घ्यावी.

ही काळजी आजची नाही. १८७५ साली पुणे जिल्ह्यातील सुपे येथून सुरू झालेल्या उठावात शेतकऱ्यांनी सावकारांकडील कर्जरोखे ताब्यात घेऊन जाळले, कारण त्यात काय लिहिले आहे हे सही करणाऱ्यालाच ठाऊक नसे. त्यानंतर १८७९ साली दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी जो कायदा झाला, त्यात शेतकऱ्याचा रोखा गाव-निबंधकासमोर लिहिला जावा, आणि शेतकऱ्याला पावती व हिशेब मिळावा अशी योजना होती. सुरुवातीला ती पुणे, सातारा, सोलापूर व अहमदनगर या चार जिल्ह्यांपुरती होती.

आता कोऱ्या कागदाविषयी. विंधन विहिरीच्या कामात दर फुटावर ठरतो व केसिंग पाइपाचा दर वेगळा असतो. फुटांची जागा कोरी ठेवून सही घेतली जाते आणि खोली नंतर भरली जाते. येथे फेरफार सिद्ध करणे कठीण, कारण खोडलेले काहीच नसते. एका रॉडची लांबी आधी मोजून घ्यावी, किती रॉड उतरले ते स्वतः उभे राहून मोजावे आणि यंत्र हलण्यापूर्वी आकडा दोन्ही प्रतींवर लिहून घ्यावा.

कोऱ्या धनादेशाचे प्रकरण याहून गंभीर आहे. तारण म्हणून सही केलेले कोरे धनादेश देण्याची पद्धत सर्रास दिसते. शेतकऱ्यांचा समज असा की रक्कम दुसऱ्याने भरली म्हणजे धनादेश खोटा ठरेल. तसे होत नाही. बीर सिंह विरुद्ध मुकेश कुमार या खटल्यात २०१९ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले आहे की स्वखुशीने सही करून दिलेला कोरा धनादेश दुसऱ्याने भरला तरी तो देण्यापोटीच दिला असे प्रथमदर्शनी धरले जाईल, आणि देणे नव्हते हे सही करणाऱ्याला दाखवावे लागेल. उलट, भरलेल्या धनादेशावरील रक्कम नंतर बदलली तर तो पराक्राम्य संलेख कायद्याच्या कलम ८७ प्रमाणे रद्द ठरतो. म्हणजे पूर्ण लिहिलेल्या कागदाला कायद्याचे संरक्षण आहे, कोऱ्याला जवळजवळ नाही. धनादेश द्यावाच लागला तर नाव व रक्कम भरून द्यावा, आणि त्याचा क्रमांक व कारण करारात लिहून घ्यावे.

फेरफार झाल्याचा संशय आला तर प्रथम भांडू नये. समोरच्याकडील प्रतीची छायाप्रत मागावी. आपल्या प्रतीशी ओळीने ओळ ताडून पाहावी. मुद्रांक कोणत्या तारखेला घेतला तेही पाहावे. कराराची तारीख त्याआधीची असेल तर काही तरी गडबड आहे. मग मूळ अट, बदललेली अट आणि आपला नकार असे तीन मुद्दे लिहून स्पीड पोस्टने पत्र पाठवावे व पोचपावती जपावी. मूळ प्रत कोणाच्याही हाती देऊ नये, अगदी "साहेबांना दाखवून आणतो" म्हणणाऱ्याच्याही नाही. सहीच्या दिवशीच प्रत्येक पानाचा मोबाइलवर फोटो काढून तो घरातील दुसऱ्या माणसाला पाठवला असेल तर त्याचा मोठा उपयोग होतो. मात्र असा पुरावा न्यायालयात देताना भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चे प्रमाणपत्र जोडावे लागते. जुलै २०२१ च्या महापुरात महाडमध्ये घरे-दुकाने पाण्याखाली गेली. सावित्री आणि काळ नदीच्या काठावरील घरांत कागदाची एकच प्रत ठेवून चालत नाही.

दाद कोठे मागावी, हे व्यवहारावर अवलंबून आहे. आपण पैसे देऊन सेवा घेतली असेल, जसे विंधन विहीर किंवा जेसीबी, तर अलिबाग येथील जिल्हा ग्राहक आयोगाकडे दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते. शेतकरी हा व्यापारी असल्याने ग्राहक नाही, हा युक्तिवाद सर्वोच्च न्यायालयाने २०१२ साली राष्ट्रीय बीज निगमच्या प्रकरणात फेटाळला आहे. आपणच सेवा देणारे असू, म्हणजे गाडी किंवा टँकर लावला असेल, तर मार्ग दिवाणी न्यायालयाचा; तेथे थकीत पैशासाठी साधारणपणे तीन वर्षांची मुदत असते. करार मोडीत निघाला तरी केलेल्या कामाचा वाजवी मोबदला मागता येतो, म्हणून फेऱ्यांची वही रोज लिहून त्यावर कारखान्याच्या फाटकावरील नोंद घेत जावी. महिला, अनुसूचित जाती-जमातीचे शेतकरी आणि ठराविक मर्यादेपेक्षा कमी उत्पन्न असलेले शेतकरी यांना १९८७ च्या कायद्यान्वये तालुका विधी सेवा समितीकडून मोफत वकील मिळू शकतो. त्यासाठी तालुक्याच्या न्यायालयात अर्ज करावा आणि सोबत कराराची छायाप्रतच न्यावी.