युद्धपटातील वास्तवता आणि ‘डॉ. कोटणीस की अमर कहानी’

युद्धपटाच्या वास्तवतेची चर्चा ब्रिटिश पाणबुडीपटांपासून सुरू करणे सोयीचे ठरते. १९४३ साली जॅक ली यांनी सरकारी क्राउन फिल्म युनिटसाठी ‘क्लोज क्वॉर्टर्स’ हा चित्रपट दिग्दर्शित केला. त्यात व्यावसायिक नट नव्हते. ‘ट्रिब्यून’ या पाणबुडीवरील नाविकच ‘टायरंट’ या कल्पित पाणबुडीचे नाविक झाले. त्याच वर्षीच्या अँथनी अ‍ॅस्क्विथ यांच्या ‘वुई डाइव्ह अ‍ॅट डॉन’मध्ये जॉन मिल्स व एरिक पोर्टमन यांच्यासारखे नामवंत नट होते, तथापि दोहोंची दृष्टी एकच. पाण्याखालच्या माणसाला काही दिसत नाही. परिदर्शकाला डोळा लावतो तो कप्तान. इतरांच्या वाट्यास येतात आवाज, हुकूम आणि वाट पाहणे. पाणतीर लक्ष्यावर लागला किंवा नाही, हेही त्यांना तत्क्षणी उमगत नाही. अ‍ॅस्क्विथ यांच्या चित्रपटात ‘ब्रँडेनबुर्ग’ ही शत्रूची युद्धनौका बुडाल्याची खात्री पटते ती पाणबुडी मायदेशी परतल्यावर. ही वास्तवता कामाच्या तपशिलातून निर्माण होते, आणि तो तपशील पुरविण्यास नौदल हाताशी होते.

मराठी मुलुखातील युद्धकालीन निर्मात्यास असा आधार नव्हता. कच्च्या फिल्मच्या टंचाईमुळे १९४२ पासून चित्रपटाची लांबी ११,००० फुटांपर्यंत मर्यादित झाली. १९४३ मध्ये परवानापद्धती आली, आणि पुढे परवानाधारकांकडून युद्धकार्यास पोषक अशा चित्रपटांची अपेक्षा होऊ लागली. परवाना देणारे सरकार परके, आणि राष्ट्रीय चळवळीचे नेते १९४२ पासून तुरुंगात. अशा कोंडीत व्ही. शांताराम यांनी निवडलेला विषय चतुराईचा होता, असेच म्हणावे लागेल. चीन हा ब्रिटनचा दोस्त. जपान दोघांचाही शत्रू. आणि चीनला वैद्यकीय पथक पाठविले होते ते मात्र काँग्रेसने. सरकारी अट पाळूनही राष्ट्रीय भावनेस वाट देणारा असा दुसरा विषय सहजी सापडला नसता.

परंडा तालुक्याच्या शिवेला लागलेल्या जिल्ह्याचे मुख्य ठिकाण सोलापूर. तेथे १९१० साली द्वारकानाथ कोटणीस यांचा जन्म झाला. १९३८ मध्ये अटल, चोलकर, बसू व मुखर्जी यांच्यासमवेत ते चीनला गेले. १९३९ च्या आरंभी येनान येथे पोहोचून पुढे ते उत्तर चीनमधील आघाडीवर आठव्या मार्ग सेनेबरोबर राहिले. १९४१ मध्ये बेथून आंतरराष्ट्रीय शांतता रुग्णालयाचे ते प्रमुख झाले. त्याच वर्षी त्यांनी तेथील परिचारिका क्वो छिंगलान यांच्याशी विवाह केला. ९ डिसेंबर १९४२ रोजी, वयाच्या अवघ्या ३२ व्या वर्षी, अपस्माराच्या झटक्यांनी त्यांचा अंत झाला. ख्वाजा अहमद अब्बास यांनी १९४४ मध्ये त्यांच्यावर इंग्रजीत पुस्तक लिहिले, आणि १९४६ साली राजकमल कलामंदिराचा चित्रपट प्रदर्शित झाला.

या चित्रपटात वास्तवाची फारकत कोठे होते? चीन मुंबईत उभा करावा लागला. पंचेचाळिशीकडे झुकलेल्या शांतारामांनी अठ्ठाविशीत देश सोडणाऱ्या तरुणाची भूमिका केली. जयश्रीबाई चिनी नायिका झाल्या. वसंत देसाई यांच्या संगीतावर गाणीही झाली. यास दोष देणे व्यर्थ होय. पाणबुडीपटांतही पाणबुडीचा अंतर्भाग चित्रपटशाळेतच उभारला जात असे, आणि त्यामुळे त्यांची प्रत्ययकारिता कमी झाली नाही. गाणी ही तर आपल्या बोलपटाची रूढीच. तिच्यामुळे प्रेक्षकाची फसवणूक होत नाही.

खरी फारकत आहे ती मृत्यूच्या कारणात. चित्रपटातील कोटणीस प्लेगच्या साथीशी झुंजतात, जपान्यांच्या हाती सापडून सुटतात आणि अखेर प्लेगनेच मरण पावतात. रुग्णसेवेतून जडलेला रोग आणि त्यातून आलेला मृत्यू अशी कार्यकारणाची सरळ साखळी येथे जुळते. अपस्माराने ती जुळत नव्हती. दुसरी फारकत मौनाची. कोटणीस १९४२ मध्ये चिनी साम्यवादी पक्षाचे सभासद झाले होते, हे पडद्यावर येत नाही. साधा ‘चिनी लढा’ एवढेच प्रेक्षकास दिसते. त्या काळच्या परिनिरीक्षणाकडे पाहता दुसऱ्या फारकतीची कारणे समजण्याजोगी आहेत. पहिलीची सक्ती मात्र कोणी केली नव्हती.

येथे पाणबुडीपटांशी तुलना उद्बोधक ठरते. तेही प्रचारपटच होते. त्यांनीही पुष्कळ काही झाकले. परंतु त्यांनी नाविकाचे शौर्य त्याच्या रोजच्या कामाबाहेर शोधले नाही. कोटणीसांच्या चरित्रात असे काम विपुल होते: अपुरी औषधे, सतत हलणारी आघाडी, परक्या भाषेत द्यावयाचे धडे, शस्त्रक्रियेवरील पाठ्यपुस्तकाचे चाललेले लेखन, आणि मधूनच येणारे झटके. झटका ओसरल्यावर पुन्हा कामास लागणारा शल्यवैद्य पडद्यावर आणण्यास प्लेगची मुळीच गरज नव्हती.