कुरूप विमाने, देखणी विमाने

कल्याण-शीळ रस्त्यावर मानपाड्याला उभे राहिले, हवा स्वच्छ असली आणि मध्ये एखादी उंच इमारत आली नाही, तर दूरवर मलंगगडाचा डोंगर दिसतो. त्या गडाच्या वाटेवर नेवाळी हे गाव लागते. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, १९४२-४३ च्या सुमारास, इंग्रज सरकारने नेवाळी व आसपासच्या गावांची सोळाशे एकरांहून अधिक जमीन ताब्यात घेतली आणि तेथे विमानांसाठी धावपट्टी बांधली. जेथे भाताची खाचरे होती, तेथे लष्करी विमानतळ झाला.

त्या काळची विमाने दिसत तरी कशी होती, असा प्रश्न या भागातली शाळकरी मुले गुरुजींना विचारतात. उत्तर असे, की काही इतकी देखणी होती की पाहत राहावे, आणि काही इतकी बेढब, की हे उडते तरी कसे, असे वाटावे. हे रूप आले कोठून, ते आज पाहू.

प्रथम एक साधा प्रयोग करा. वाऱ्याच्या दिवशी अंगणात सूप हातात धरा. त्याचा तळ वाऱ्यासमोर आडवा धरलात तर वारा ते मागे ढकलील, मनगट दुखेल. तेच सूप कडेने वाऱ्यात धरलेत तर वारा दोन्ही बाजूंनी निघून जाईल. हवा डोळ्यांना दिसत नाही; पण ती अडवते. जितका वेग जास्त, तितका तिचा अडथळा जास्त. वेग दुप्पट केला तर अडथळा सुमारे चौपट होतो. म्हणून ज्या विमानाला वेगाने जायचे, त्याचे अंग माशासारखे पुढे गोलसर आणि मागे निमुळते करावे लागते, आणि उडाल्यावर चाके पोटात घ्यावी लागतात. ज्याला वेगाची गरज नाही, त्याचे पाय बाहेर लोंबले तरी चालतात.

आता पहिले विमान घेऊ. त्याचे नाव लायसँडर. पंख डोक्यावर बसवलेले, ते मुळाशी अरुंद आणि मध्ये रुंद. दोन जाड पाय कायमचे बाहेर, त्यांच्या चाकांवर मोठी झाकणे, म्हणजे जणू पावसाळ्यातले गमबूट! देखणे म्हणायला जीभ रेटत नाही. पण त्याचे काम काय होते? सैन्याच्या डोक्यावर हळू उडत टेहळणी करायची, आणि जेमतेम मोठ्या शेताएवढ्या जागेत उतरायचे. पंख डोक्यावर असल्यामुळे वैमानिकाला खालची जमीन मोकळी दिसे. भारतीय वायुदलाच्या पहिल्या स्क्वॉड्रनला १९४१ साली अशी १२ लायसँडर मिळाली, आणि ती मुंबईच्या युद्ध-देणगी निधीतून आली होती. म्हणजे आपल्याच इलाख्यात जमलेला पैसा त्यात होता. १९४२ च्या फेब्रुवारीत स्क्वॉड्रन लीडर के. के. मजुमदार यांच्या हाताखाली ती ब्रह्मदेशात गेली. टेहळणीच्या या विमानांना आमच्या लोकांनी बाँब टांगले आणि जपानी तळांवर हल्ले केले. गमबूट घातलेला गडी आघाडीवर लढून आला.

दुसरे व्हेन्जन्स. सरळ खाली सूर मारून बाँब टाकणारे हे अमेरिकी विमान आपल्या सातव्या आणि आठव्या स्क्वॉड्रनने ब्रह्मदेशाच्या आघाडीवर वापरले. सूर मारताना ते बाणासारखे सरळ जावे म्हणून त्याचे पंख अंगाशी मुळीच तिरके न ठेवता बसवले होते. त्याचा परिणाम असा, की सपाट उडताना त्याला पुरेशी उचल मिळावी म्हणून नाक वर करूनच जावे लागे. पाहणाऱ्याला वाटे, विमान शेपटी ओढत चालले आहे. पण खाली झेपावले, की त्याच्यासारखे नेमके दुसरे नाही. बैल चालतो कसा, हे बाजारात पाहून कळत नाही; ते औताला जुंपल्यावरच कळते.

सर्वांत विचित्र विमान जर्मनांचे होते. ब्लोम उंड फॉस १४१ हे त्याचे नाव. त्याचे इंजिन आणि शेपूट एका बाजूला, आणि माणसे बसायची काचेची खोली दुसऱ्या बाजूला! टेहळणी करणाऱ्याच्या नजरेआड काही येऊ नये, एवढ्यासाठी ही खटपट. ते नीट उडे, पण फार थोडी विमाने बांधली गेली.

आता देखण्यांकडे वळू. पहिला मान स्पिटफायरचा. रेजिनाल्ड मिचेल नावाच्या इंग्रज अभियंत्याने ते रचले आणि ५ मार्च १९३६ रोजी ते प्रथम उडाले. पुढच्याच वर्षी, वयाच्या ४२ व्या वर्षी, मिचेल आजाराने गेले. आपल्या विमानाचे पुढे काय झाले ते त्यांना पाहायला मिळाले नाही. त्याचे पंख लंबवर्तुळाकार, म्हणजे लांबट पानासारखे. हा डौल शोभेसाठी नव्हता. पंखाच्या टोकाशी खालची हवा वर निसटते, भोवरा होतो आणि विमान मागे ओढले जाते. पानासारख्या आकारात हे ओढणे कमी होते. शिवाय पंख पातळ ठेवूनही मुळाशी चाके आणि तोफा मावतात. पण असा वळणदार पंख बनवणे कारखान्याला जड जाई. रूपाची किंमत अशी मोजावी लागते. आपल्या वायुदलाला ही विमाने १९४४ साली मिळाली.

स्पिटफायरचा सोबती हरिकेन. पाठीला कुबड, मागचे अंग नळ्यांचे आणि वर ताणलेल्या कापडाचे. स्पिटफायरपुढे ते खेडवळ दिसे. पण १९४० साली इंग्लंडच्या आकाशातल्या लढाईत शत्रूची जास्त विमाने हरिकेननीच पाडली. कापडाला भोक पडले तर ठिगळ लावून ते पुन्हा उडे. १९४४ साली इंफाळला वेढा पडला तेव्हा अर्जन सिंग यांच्या पहिल्या स्क्वॉड्रनजवळ हीच विमाने होती.

मॉस्किटो नावाचे आणखी एक सुंदर विमान लाकडाचे होते. हलके, सडपातळ, अतिशय वेगवान. पण १९४४ साली आपल्याकडच्या उष्ण, दमट हवेत त्याच्या पंखांच्या चिकटवलेल्या सांध्यांत दोष आढळले, अपघात झाले, आणि काही काळ ती जमिनीवर ठेवावी लागली. आमच्या सुताराला हे नवल वाटणार नाही. कोकणच्या पावसात दार कसे फुगते, हे तो जाणतो.

आणि शेवटी डाकोटा. ना सुंदर, ना कुरूप. घरातल्या कर्त्या बाईसारखे सोज्वळ आणि कामसू. इंफाळच्या वेढ्यात अन्न आणि दारूगोळा घेऊन तेच गेले. २७ ऑक्टोबर १९४७ रोजी श्रीनगरला भारतीय सैन्य त्याच विमानांतून उतरले. १९४८ च्या मे महिन्यात एअर कमोडोर मेहर सिंग यांनी ते अकरा हजार फुटांहून उंच असलेल्या लेहला नेऊन उतरवले. तेथे बांधीव धावपट्टीही नव्हती.

रूपाचा आणखी एक धडा कानपूरला मिळाला. युद्ध संपल्यावर लिबरेटर नावाची चार इंजिनांची अवजड बाँबर विमाने तेथे मोडतोड करून टाकून दिली होती. पेटीसारखे उभे अंग, फुगीर पोट, वर गंज. १९४८ साली हिंदुस्थान एअरक्राफ्टच्या कारागिरांनी त्या भंगारातून सुटे भाग जुळवले, विमाने उडण्याजोगी केली आणि बंगलोरला नेऊन पुरी दुरुस्त केली. पुढे १९६८ पर्यंत ती आपल्या वायुदलात होती. ज्याला भंगार म्हणून फेकले, त्याने वीस वर्षे नोकरी केली.

शिक्षकबंधूंनी वर्गात मुलांना या विमानांची चित्रे दाखवावी, आणि ‘कोणते छान दिसते?’ एवढेच न विचारता ‘हे असे का दिसते?’ असे विचारावे. पाय बाहेर का? पंख वर का? पाठीला कुबड का? मुले आपोआप उत्तराकडे जातील.

पण आणखी एक प्रश्न विचारावा, आणि तो नेवाळीच्या शेतकऱ्याचा आहे. ही सारी विमाने, देखणी असोत की कुरूप, उतरायला जमीन मागत. ती जमीन कुणाची तरी होती. युद्ध १९४५ साली संपले. जमीन युद्धापुरती घेतली होती, ती परत मिळावी, असे शेतकरी पिढ्यानपिढ्या म्हणत आले. जागा संरक्षण खात्याची आहे, असे सरकारी बाजूचे म्हणणे. २०१७ च्या जूनमध्ये तेथे कुंपणभिंतीच्या कामावरून आंदोलन पेटले, रस्त्यावर गाड्या जळल्या, शेतकरी आणि पोलीस दोघेही जखमी झाले. ती विमाने केव्हाच भंगारात गेली किंवा संग्रहालयात उभी राहिली. त्यांच्यासाठी घेतलेल्या जमिनीचा वाद मात्र पंचाहत्तर वर्षांनीही रस्त्यावर आला.

तेव्हा श्रोतेहो, स्पिटफायरचा डौल जरूर पाहावा, लायसँडरच्या गमबुटांना हसावे, डाकोटाला नमस्कार करावा. आणि मलंगगडाच्या वाटेने कधी गेलात, तर त्या जुन्या धावपट्टीकडे पाहताना तिच्याखाली कुणाचे तरी खाचर आहे, एवढे मनात असू द्यावे.