करवीरनिवासिनी महालक्ष्मी मंदिरातील किरणोत्सव : वास्तू, सूर्यगती आणि नगर

प्रस्तावना

महाराष्ट्रातील साडेतीन शक्तिपीठांमध्ये कोल्हापूरच्या करवीरनिवासिनी महालक्ष्मीचे, म्हणजेच अंबाबाईचे, स्थान महत्त्वाचे आहे. येथे येणारा भाविक दर्शनरांगेतून गर्भगृहासमोर येतो, क्षणभर मूर्ती पाहतो आणि बाहेर पडतो. देवीचे दर्शन घडते. परंतु ज्या वास्तूत देवी विराजमान आहे, तिच्या रचनेकडे लक्ष जाण्यास अवसर मिळत नाही. ही रचना सर्वांत स्पष्टपणे प्रत्ययास येते ती किरणोत्सवाच्या काळात. प्रस्तुत लेखात किरणोत्सव कसा घडतो हे स्पष्ट करून, त्याआधारे मंदिर परिसराची सीमा नेमकी कोठे मानावी, या प्रश्नाचा विचार केला आहे.

परिसराची रचना

मंदिराच्या प्राकारास चार दिशांना दरवाजे असून पश्चिमेचे महाद्वार हे मुख्य प्रवेशद्वार होय. उत्तरेस घाटी दरवाजा व दक्षिणेस विद्यापीठ दरवाजा आहे. मुख्य वास्तू काळ्या बेसाल्ट दगडाची असून शिखरांचे बांधकाम उत्तरकालीन आहे. मध्यभागी महालक्ष्मी, दोन बाजूंस महाकाली व महासरस्वती आणि महालक्ष्मीच्या गर्भगृहावरील मजल्यावर मातुलिंग हे शिवलिंग, अशी मांडणी आढळते. चतुर्भुज देवीच्या हातांत म्हाळुंग, गदा, ढाल व पानपात्र असून मस्तकी नाग, लिंग व योनी ही चिन्हे आहेत. संकटकाळात सुरक्षिततेसाठी हलविलेल्या या मूर्तीची पुनर्स्थापना १७१५ मध्ये झाली.

प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने महत्त्वाची बाब म्हणजे मूर्ती पश्चिमाभिमुख आहे. त्यामुळे महाद्वार, गरुड मंडप, आतील मंडप आणि गर्भगृह हे एका ओळीत येतात. मावळतीच्या किरणांचा मार्ग हाच आहे.

किरणोत्सवामागील सूर्यगती

परंपरेने ३१ जानेवारी ते २ फेब्रुवारी आणि ९ ते ११ नोव्हेंबर या दिवसांत किरणोत्सव होतो. पहिल्या दिवशी चरणांवर, दुसऱ्या दिवशी मध्यभागावर व तिसऱ्या दिवशी मुखावर किरणे येतात, असा क्रम सांगितला जातो.

हे दोन कालखंड वरवर पाहता असंबद्ध वाटतात. तथापि, २१–२२ डिसेंबरच्या दक्षिणायनान्तापासून मोजल्यास १० नोव्हेंबर हा दिवस सुमारे ४२ दिवस आधी आणि १ फेब्रुवारी हा तितकेच दिवस नंतर येतो. दोन्ही वेळी सूर्य खगोलीय विषुववृत्ताच्या दक्षिणेस सुमारे १७ अंशांवर असतो. कोल्हापूरच्या अक्षांशावरून पाहता तेव्हा सूर्यास्त ठीक पश्चिमेस न होता तिच्या दक्षिणेस सुमारे १८ अंशांवर होतो. सूर्य दक्षिणेकडे जाताना एकदा आणि परतताना एकदा त्याच स्थानी येतो. म्हणून उत्सवही वर्षातून दोनदा होतो. मंदिराचा अक्ष काटेकोर पूर्व-पश्चिम असता, तर हा योग मार्च व सप्टेंबरमधील संपातदिनांच्या सुमारास आला असता. यावरून अक्ष किंचित दक्षिणेकडे कललेला आहे, असा निष्कर्ष निघतो.

सूर्य जसजसा खाली येतो, तसतशी त्याची किरणे अधिक आडवी होतात आणि आतील प्रकाश जमिनीवरून वर चढू लागतो. म्हणूनच प्रत्येक दिवशी हा सोहळा काही मिनिटांचाच असतो. या काळात सूर्याचे दक्षिणोत्तर स्थान दररोज जेमतेम पाव अंशाने बदलते. सूर्यबिंबाचा व्यास सुमारे अर्धा अंश आहे, हे लक्षात घेतल्यास दोन-तीन दिवसांचे हे गणित किती सूक्ष्म आहे, याची कल्पना येते.

मंदिर आणि नगर

या सूक्ष्मतेमुळेच किरणमार्ग अत्यंत नाजूक आहे. भूभाग सपाट मानल्यास, सूर्य क्षितिजापासून २ अंश वर असताना मूर्तीपासून १०० मीटरवरील आणि मूर्तीच्या पातळीपेक्षा सुमारे ३.५ मीटर उंच असलेली वस्तू त्यास झाकू शकते. ३०० मीटरवर हीच मर्यादा सुमारे १०.५ मीटर, म्हणजे साधारण तीन मजली इमारतीएवढी होते. अर्थात महाद्वार रस्त्याच्या दिशेची एखादी गच्चीवरील पाण्याची टाकी, जाहिरात फलक किंवा छतावरील पत्रा गर्भगृहातील प्रकाश अडवू शकतो. ढगाळ हवामान, धूलिकण आणि असे अडथळे यांमुळे काही वर्षी किरणे मुखापर्यंत पोहोचू शकलेली नाहीत. ढगांवर कोणाचे नियंत्रण नसते; बांधकामावर असते.

या संदर्भात गरुड मंडपाचे उदाहरण उद्बोधक आहे. एकोणिसाव्या शतकातील हा लाकडी मंडप किरणांच्या मार्गातच उभारला गेला. मात्र त्याची रचना खुल्या खांबांची असल्याने किरणमार्ग बंद झाला नाही. त्याचे खांब जीर्ण झाल्याने २०२४ मध्ये नूतनीकरणाचे काम हाती घेण्यात आले. अशा कामात लाकूड व कोरीवकाम यांच्याइतकेच खांबांमधील मोकळ्या जागेचेही जतन होणे आवश्यक ठरते.

निष्कर्ष

वारसा-जतनाचा विचार सामान्यतः मूर्ती, शिल्प व भिंती यांपुरता मर्यादित राहतो. २०१५ मध्ये मूर्तीवर रासायनिक संवर्धन प्रक्रिया झाली, तेव्हा तिच्या झीजेची व्यापक चर्चा झाली. ती आवश्यकच होती. परंतु किरणोत्सव हा मूर्तीइतकाच वारसा असून त्याचा मोठा भाग प्राकाराबाहेर, शहराच्या आकाशात आहे. तेव्हा पश्चिमेकडील किरणमार्ग हा मंदिर परिसराचाच घटक मानून त्यातील इमारतींच्या उंचीची मर्यादा बांधकाम परवानगीच्या टप्प्यावरच निश्चित होणे इष्ट आहे. उत्सवापूर्वी दरवेळी तात्पुरते अडथळे हटविणे हा त्यास पर्याय ठरू शकत नाही.

या कामी महाविद्यालयांनाही सहभाग घेता येईल. भूगोल, भौतिकशास्त्र, इतिहास व स्थापत्य या विभागांनी विद्यार्थ्यांसह दरवर्षी किरणांची वेळ, उंची व अडथळे यांची पद्धतशीर नोंद ठेवल्यास नियोजनास विश्वसनीय आधार मिळेल. श्रद्धा आणि मोजमाप यांत येथे विरोध नाही. देवीच्या मुखापर्यंत प्रकाश पोहोचावा, ही दोहोंची समान अपेक्षा आहे.